मार्गारेट क्लिथरो: तिनं न्यायालयात तोंड उघडायला हवं होतं का?

रानजाई
नमस्कार मंडळी. इंग्लंडातल्या यॉर्क शहरातल्या मार्गारेट क्लिथरोबद्दल सध्या वाचते आहे. एक प्रश्न काही केल्या सुटत नाही, म्हणून धागा काढला.

ज्यांना ती माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मेणबत्त्यांचा धंदा करणाऱ्या थॉमस मिडलटनची ही मुलगी. वडील यॉर्कचे शेरीफही होते. १५७१ मध्ये जॉन क्लिथरो नावाच्या खाटकाशी तिचं लग्न झालं आणि ती शॅम्बल्स या खाटकांच्या गल्लीत राहायला आली. १५७४ च्या सुमारास ती कॅथलिक झाली. राणी एलिझाबेथच्या राज्यात रविवारी सरकारमान्य (प्रोटेस्टंट) चर्चला हजेरी लावणं सक्तीचं होतं. ती जाईना. त्यापायी १५७७ पासून तिच्या तुरुंगाच्या वाऱ्या सुरू झाल्या. धाकटा मुलगा तुरुंगातच झाला, आणि वाचायलाही ती तिथेच शिकली. सुटून आली की पुन्हा लपूनछपून फिरणाऱ्या धर्मगुरूंना घरात आसरा द्यायची. १५८५ च्या कायद्यानं असा आसरा देणाऱ्याला मरणाची शिक्षा ठरली, तरी तिनं दार बंद केलं नाही.

१० मार्च १५८६ ला घरावर धाड पडली. मुलांना शिकवणारे गुरुजी आणि धर्मगुरू दोघंही निसटले. घरात फ्लँडर्सकडचा (आताच्या बेल्जियमकडचा) एक पोरगा राहत होता. त्याचे कपडे उतरवून त्याला छडीचा धाक घातला, तेव्हा त्यानं गुप्त जागा दाखवून दिली. तिथे मिस्साची, म्हणजे कॅथलिक उपासनेची, वस्त्रं आणि भांडी मिळाली.

खटल्यात तिला विचारलं, गुन्हा कबूल की नाकबूल? तिचं उत्तर एकच: मी गुन्हाच केला नाही, तर खटला कशाला? त्या काळी असं अडून बसणाऱ्या आरोपीच्या अंगावर वजनं ठेवून त्याला चिरडत. २५ मार्चला तिला तसंच मारलं. वय तिशीच्या आसपास. मागे तीन मुलं, आणि पोटात बहुधा चौथं.

ती अडून बसली, कारण खटला चालला असता तर तिच्याच मुलांना आणि नोकरांना साक्षीला उभं केलं असतं. हे मला कळतं, आणि वाचताना भरूनही येतं. पण मग मुलांची आईच गेली ना! मला स्वतःला दोन लहान मुलं आहेत. ‘नाकबूल’ हा एक शब्द तिनं उच्चारायला नको होता का? तुम्हाला काय वाटतं?

कंदील
नाव पहिल्यांदाच ऐकलं. वाचनखूण साठवली आहे.

बावखलकाठ
रानजाईताई, हा विषय काढल्याबद्दल मनापासून आभार. मी वसईची. आमच्या घरी संतांच्या गोष्टी जपमाळेनंतर आजी सांगायची, त्यात संत मार्गारेटही होत्या.

थोडी भर घालते. १९२९ मध्ये त्यांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं आणि २५ ऑक्टोबर १९७० ला पोप सहावे पॉल यांनी इंग्लंड आणि वेल्समधल्या ४० रक्तसाक्षींना (श्रद्धेसाठी मरण पत्करणाऱ्यांना) एकत्र संतपद दिलं, त्यात त्या आहेत. या चाळीसांत बायका तिघीच: मार्गारेट क्लिथरो, मार्गारेट वॉर्ड आणि ॲन लाइन. तिघींपैकी एकही धर्मभगिनी नव्हती. घरदार सांभाळणाऱ्या, चाकरी करणाऱ्या बायका त्या, आणि तिघींचा ‘गुन्हा’ एकच, धर्मगुरूंना मदत. मार्गारेट वॉर्ड यांनी तुरुंगातल्या एका फादरना पळून जाता यावं म्हणून दोर पोचवला आणि १५८८ मध्ये त्या फासावर गेल्या.

धर्मगुरूला घरात घेणं म्हणजे काय, हे आजच्या माणसाला कळणं कठीण आहे. धर्मगुरू नाही तर मिस्सा नाही. मरणाऱ्याच्या उशाशी शेवटचा संस्कार नाही. आमच्यासाठी तो श्वासच आहे. तो चालू राहायला कुणीतरी दार उघडायचं, जेवण रांधायचं, अंथरूण घालायचं. हे सगळं बायकाच करत होत्या.

ताकभात
सर्वांच्या श्रद्धेचा आदर ठेवून सांगतो, मला हा हट्ट वाटतो. स्वतःचा जीव द्यायचा तर द्या. पण पोटातल्या बाळाचं काय? गरोदर बाईची शिक्षा त्या काळीही पुढे ढकलत असत. तिनं नुसतं ‘हो, मी गरोदर आहे’ म्हटलं असतं तरी काही महिने मिळाले असते. काही महिन्यांत वारं बदलतं.

रानजाई
@ताकभात, हा भाग वाचून मीही थांबले होते. तिला विचारलं होतं. ती म्हणाली की मला खात्रीनं हो किंवा नाही म्हणता येत नाही. तुरुंगात बायकांनी तिला तपासलं आणि गरोदर असावी असं सांगितलं. न्यायाधीश क्लेंच थांबायला तयार होता, पण बाकीच्यांनी घाई केली. म्हणजे ती खोटं बोलली नाही, आणि खात्री नसलेली गोष्ट जीव वाचवायला वापरलीही नाही.

ताकभात
म्हणजे मी म्हणतो तेच. इतका सोवळा सत्याग्रह कुणासाठी?

काळाकोट
वकिलीच्या अंगानं दोन गोष्टी सांगतो, कारण सगळा प्रश्न तिथे अडकला आहे.

आरोपीनं ‘नाकबूल’ म्हणून ज्युरीपुढे जायची तयारी दाखवल्याशिवाय तेव्हाच्या इंग्लंडात खटला उभाच राहत नसे. म्हणून त्याला बोलतं करण्यासाठी ही वजनांची पद्धत. पुष्कळ आरोपी मुद्दाम गप्प राहून असं मरण पत्करत, कारण दोषी ठरलं की मालमत्ता सरकारजमा होई आणि गप्प मेलं की ती वारसांना राही. १७७२ मध्ये ही पद्धत बंद झाली. १८२७ पासून गप्प बसणं म्हणजे ‘नाकबूल’ असं धरायला लागले. आपल्याकडे आरोपी काही बोललाच नाही तर न्यायालय सरळ साक्षीपुराव्याची तारीख लावतं, आणि राज्यघटनेच्या कलम २०(३) नं कुणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. आज हे आपल्याला साधं वाटतं. त्यासाठी किती माणसं चिरडली गेली ते अशा खटल्यांतून दिसतं.

दुसरी गोष्ट रानजाईंच्या प्रश्नाला धरून. क्लेंचनं तिला परोपरीनं समजावलं होतं. म्हणाला, तुझ्याविरुद्ध पुरावा काय, तर एका पोराचा शब्द. ज्युरी तुला सोडूही शकेल. म्हणजे ‘नाकबूल’ म्हणण्यात खरोखर आशा होती. पण ज्युरीपुढे गेलं की सरकारी बाजू त्या पोरावर थांबली नसती. त्याच घरात राहणारी तिची लेक ॲन बारा वर्षांच्या आसपासची होती, पुढचा साक्षीदार कोण ते उघड आहे. त्यातून ज्युरी म्हणजे कोण? यॉर्कचेच लोक, दुकानावर येणारे-जाणारे. आपल्यामुळे त्यांच्या माथी रक्त नको, असंही तिच्या मनात होतं. गुन्हेगाराच्या जागी उभं राहून ज्युरीच्या मनाची काळजी करणारी आरोपी मी माझ्या सगळ्या कामात पाहिलेली नाही.

चाफा
काळाकोट, प्रतिसाद आवडला. हा कोन माझ्या लक्षातच आला नव्हता.

घाटमाथा
धागा चांगला आहे, पण जरा मागचा-पुढचा काळ पाहू या. १५७० मध्ये पोप पाचवे पायस यांनी फतवा काढून एलिझाबेथला बहिष्कृत केलं आणि प्रजेला तिच्या आज्ञेतून मोकळं केलं. तिथून पुढे सरकारच्या लेखी प्रत्येक कॅथलिक धर्मगुरू म्हणजे संभाव्य फितूर. त्याआधी एलिझाबेथची बहीण मेरी गादीवर असताना तीनशेच्या घरात प्रोटेस्टंट जिवंत जाळले गेले होते. त्यांतही बायका होत्या. त्या आठवणी ताज्या होत्या. मार्गारेटवर झालेला जुलूम यामुळे तिळभरही कमी होत नाही, फक्त एका बाजूचीच यादी वाचू नये एवढं म्हणणं आहे.

आणि त्या न्यायालयातही माणसं होतीच. जाइल्स विगिंटन हा कट्टर प्युरिटन, म्हणजे कडवा प्रोटेस्टंट उपदेशक, तिच्या पंथाचा पुरता विरोधक. तो उठून न्यायाधीशाला म्हणाला की एका पोराच्या साक्षीवर हिला मारायला राणीचा कायदा परवानगी देईल, देवाचा देणार नाही. त्या दिवशी त्या दालनात तिच्या बाजूनं बोललेला तो एक. मला तो प्रसंग फार मोठा वाटतो.

बावखलकाठ
घाटमाथा, मेरीच्या काळात जाळले गेलेले लोकही आपल्या श्रद्धेसाठीच गेले, हे मान्य करायला मला अजिबात जड जात नाही.

एक गोष्ट मात्र सांगायचीच आहे. आमच्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया १५५६-५७ च्या सुमाराचे, म्हणजे मार्गारेटच्याच वयाचे. ५ फेब्रुवारी १५९७ ला जपानमध्ये नागासाकीला त्यांना क्रुसावर मारलं. १८६२ मध्ये संतपद मिळालं, गासला त्यांच्या नावाचं चर्च आहे. यॉर्कच्या खाटकाच्या बायकोला आणि वसईच्या या मुलाला एकमेकांचं नाव माहीत असायचं काही कारण नव्हतं. तरी मी प्रार्थनेत दोघांची नावं एका दमात घेते.

साष्टी
वसईचा विषय निघाला म्हणून गोव्याचा धागाही जोडतो. मराठी माणसाला या इंग्लिश छळाचा एक जिवंत दुवा फार जवळचा आहे. ‘ख्रिस्तपुराण’ लिहिणारे फादर स्टीफन्स म्हणजे थॉमस स्टीफन्स, विल्टशरचा इंग्लिश कॅथलिक. मायदेशात कॅथलिकांना थारा नाही म्हणून हा तरुण रोमला जाऊन येशूसंघात (जेझुइट धर्मगुरूंच्या संघात) दाखल झाला आणि ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्याला उतरला. त्याचा जिवलग मित्र थॉमस पाउंड इंग्लंडात वर्षानुवर्षं तुरुंगात पडून होता. मार्गारेट मारली गेली तेव्हा स्टीफन्स आमच्या गोव्यातल्या साष्टीत होता, इथली भाषा शिकत. १६१६ मध्ये साष्टीतल्याच रायतूरला पुराण छापलं. तो तिकडेच राहिला असता तर यॉर्कच्या एखाद्या घरात लपलेला, असल्याच एखाद्या बाईच्या हातचं जेवलेला फादर झाला असता.

आता दुसरी बाजूही सांगायलाच हवी. गोव्यात १५६० पासून धर्मन्यायालय होतं. साष्टीत देवळं पाडली जात होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळीला गावकऱ्यांनी पाच येशूसंघीयांना मारलं आणि मग पोर्तुगिजांनी गावच्या पुढाऱ्यांना ठार केलं. तिकडे सत्तेखाली चिरडला जाणारा धर्म इकडे सत्तेवर बसला होता. मी स्वतः कॅथलिक आहे. मार्गारेटपुढे मी गुडघे टेकतो, आणि कुंकळ्ळीच्या स्मारकापुढेही मान झुकवतो.

घाटमाथा
@साष्टी, तुमच्या प्रतिसादासाठी उभं राहून टाळ्या.

पाणपोई
रानजाईनं प्रश्न विचारला यॉर्कचा, आणि मंडळी रायतूरला जाऊन पोचली! पण प्रवास झकास झाला. स्टीफन्सचं हे मला माहीत नव्हतं.

एक बाळबोध शंका: नवऱ्याचं काय? तो कॅथलिक होता का?

उत्तरवारा
मी लीड्सला राहते, यॉर्क इथून आगगाडीनं अर्ध्या तासाच्या आत. शॅम्बल्सला पाहुण्यांना घेऊन बऱ्याचदा जाणं होतं.

पाणपोई, नवरा जॉन सरकारमान्य चर्चचाच राहिला. त्याचा भाऊ मात्र कॅथलिक धर्मगुरू. जॉन बायकोचे दंड भरत होता आणि घरात काय चाललंय त्याकडे काणाडोळा करत होता. तिच्या शिक्षेचं कळल्यावर तो नाकातून रक्त येईपर्यंत रडला आणि म्हणाला, माझं असेल नसेल ते घ्या पण बायकोला सोडा, साऱ्या इंग्लंडात तिच्यासारखी बायको नाही आणि तिच्यासारखी कॅथलिकही नाही. एका प्रोटेस्टंट खाटकाचं हे वाक्य!

गल्ली अजून तशीच अरुंद आहे. घरांचे वरचे मजले इतके पुढे झुकलेले की आमच्या कसब्यातल्या बोळासारखं, समोरच्या खिडकीतून वाटीभर साखर सहज देता यावी. खालच्या खिडक्यांना मांस मांडायच्या रुंद फळ्या आहेत, वर मांस टांगायचे आकडेही दिसतात. एरवी जादूगारांच्या वस्तू विकणाऱ्या दुकानांपुढे रांगा असतात. त्या गर्दीत ३५ नंबरचं दार ढकललं की आत छोटीशी खोली आहे. बाक, वेदी, तिचा पुतळा. बाहेरचा गलका आत येतो, तरी माणसं बसून असतात. तिचं खरं घर समोरच्या बाजूचं, १० नंबरचं असावं असं आता अभ्यासक म्हणतात, कारण मधल्या काळात घरांचे क्रमांक बदलले. यॉर्कच्याच बार कॉन्व्हेंट या मठात तिचा हात जतन करून ठेवलाय. मी तो पाहिला. ज्यांना जायचंय त्यांनी मन घट्ट करून जा.

चाफा
उत्तरवारा, फोटो टाका ना प्लीज.

उत्तरवारा
हाताचा नाही टाकणार. गल्लीचे टाकते रात्री.

नंदादीप
मृत्यूचा दिवस गुड फ्रायडे होता असं मी एके ठिकाणी वाचलं. मनाला फार लागलं ते.

घाटमाथा
@नंदादीप, तसं पुष्कळ ठिकाणी छापलेलं असतं. पण १५८६ मध्ये इंग्लंडात अजून जुनंच कॅलेंडर चालू होतं आणि त्यानुसार ईस्टर ३ एप्रिलला होता. म्हणजे गुड फ्रायडे १ एप्रिलला. २५ मार्च हा त्याआधीच्या आठवड्यातला शुक्रवार, आणि मारियेला देवदूताचा निरोप आला त्याचा सण. गरोदर असलेल्या बाईला त्या सणाच्या दिवशी मारलं, हे मला गुड फ्रायडेपेक्षाही जास्त लागतं.

ताकभात
एक शंका. हे सगळं आपल्याला कळतं कुठून? तिचं चरित्र जॉन मश या तिच्याच धर्मगुरूनं लिहिलंय ना? भक्तानं लिहिलेल्या चरित्रात संतपणा असायचाच.

बावखलकाठ
प्रश्न रास्त आहे, ताकभातदादा. फादर मश तिच्या बाजूचेच होते. पण त्यांनी काय काय लिहून ठेवलंय ते पाहा. गरोदर आहे की नाही हे तिला खात्रीनं सांगता आलं नाही, हे लिहिलं. गिब्सन नावाचा शेरीफ तो प्रकार बघवेना म्हणून दारात उभा राहून रडत होता, हेही लिहिलं. नुसता गौरव करायचा असता तर शत्रूचे अश्रू कशाला नोंदवले असते?

शेवटच्या दिवसांची एक गोष्ट मला विसरता येत नाही. शिक्षेचं कळल्यावर तिनं तुरुंगात स्वतःसाठी तागाचा एक लांब सदरा शिवला. बाह्यांना नाड्या लावल्या, हात बांधता यावेत म्हणून. कारण तिला विवस्त्र करून मारायचा हुकूम होता. मरायच्या जागी नेल्यावर बायकांनीच तिचे कपडे उतरवले आणि तो सदरा तिच्यावर घातला. डोक्यावरची टोपी तिनं नवऱ्याला पाठवली. बूट आणि मोजे लेकीला, ॲनला, म्हणजे आईच्या पावलावर पाऊल टाकून चाल. आणि स्वतः अनवाणी गेली, ऊझ नदीच्या पुलावरच्या टोलघरापर्यंत, वाटेत भिकाऱ्यांना पैसे वाटत.

पुढचं थोडक्यात सांगते, मला लिहवत नाही. हे काम शिपायांचं होतं. त्यांनी ते स्वतः न करता चार भिकारी भाड्यानं आणले. पाठीखाली मुठीएवढा धारदार दगड, अंगावर दरवाजा, दरवाज्यावर साडेतीनशे-चारशे किलोंचं वजन. येशू, येशू, येशू, माझ्यावर दया कर, एवढंच तिच्या तोंडून आलं. पाव तास लागला. शव सहा तास तसंच ठेवलं होतं.

कंदील
शब्द नाहीत.

ताकभात
वाचलं. तो सदरा शिवण्याचा भाग वाचून गप्प झालो.

हट्ट म्हणालो होतो, ते अजूनही थोडं म्हणतो, कारण मरणाचा मोह असतो काही धार्मिक माणसांना आणि मला त्याची भीती वाटते. पण नाड्या लावणारी बाई भावनेच्या भरात वाहून गेलेली नव्हती. तिनं सगळा विचार केलेला होता.

काळाकोट
@ताकभात, अगदी. आणि मरणाचाच मोह असता तर ‘कबूल’ म्हणून फासावर जाणं सोपं होतं. तेही तिनं केलं नाही, कारण धर्मगुरूला जेवू घालणं हा गुन्हा आहे हेच तिला मान्य नव्हतं. राणीसाठी मात्र तिनं शेवटी प्रार्थना केली, देवानं राणीला कॅथलिक धर्माकडे वळवावं अशी.

नंदादीप
तिचं माहेर कुठे होतं त्या वेळी? कुणीच मध्ये पडलं नाही?

घाटमाथा
वडील ती लहान असतानाच गेले. आईनं हेन्री मे याच्याशी लग्न केलं. आईही १५८५ मध्ये वारली. आणि हा सावत्र बाप हेन्री मे १५८६ मध्ये यॉर्कचा लॉर्ड मेयर होता. शहराची सगळी सूत्रं ज्याच्या हातात, तो घरचाच माणूस.

रानजाई
सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, काही दोनदा वाचले.

मुलांचं पुढे काय झालं ते शोधलं, कारण माझा प्रश्न त्यांच्यापाशीच होता. ॲन १५९८ मध्ये लूव्हेनच्या मठात धर्मभगिनी झाली. थोरला हेन्री आधीच शिकायला परदेशी पाठवलेला होता. तुरुंगात जन्मलेला विल्यम धर्मगुरू झाला. अटकेनंतर तिनं मुलांना पुन्हा पाहिलं नाही.

धागा काढताना वाटत होतं की तिनं मुलांपेक्षा धर्म मोठा मानला. आता असं वाटतं की त्या दिवशी मुलांसाठी करण्यासारखं जे एकच तिच्या हातात उरलं होतं, ते तिनं केलं. बारा वर्षांच्या मुलीला ‘माझ्या शब्दावर आईला मारलं’ हे घेऊन आयुष्यभर जगावं लागलं नाही. तो फ्लँडर्सचा पोरगा पुढे काय घेऊन जगला असेल, हे माझ्या डोक्यातून जात नाही. ॲनला ती तसं होऊ देणार नव्हती.

माझ्याच्यानं हे झालं असतं का? नाही. पण तिनं बरोबर केलं, असं आता म्हणवतं.

चाफा
रानजाई, मी अजूनही तुमच्या पहिल्या प्रश्नापाशीच आहे. आई जिवंत हवी. मुलीनं साक्ष दिली असती तरी आईनं तिला नंतर कुशीत घेऊन समजावलं असतं, निदान तेवढी शक्यता तरी राहिली असती. माझी आई मी नऊ वर्षांची असताना गेली, त्यामुळे मला दुसरं काही म्हणता येत नाही.

बावखलकाठ
चाफाताई, तुमचं म्हणणं खोडायला माझ्याकडे काही नाही, आणि खोडावंसंही वाटत नाही. ३० ऑगस्टला इंग्लंडात या तिन्ही बायकांचा सण असतो. त्या दिवशी मिस्साला तुमच्या आईचं नाव घेईन, चालेल ना?

चाफा
चालेल. थँक्यू.

पाणपोई
तिसऱ्या ॲन लाइनबद्दल कुणी लिहिलंच नाही. त्यांचं काय झालं?

बावखलकाठ
त्या विधवा होत्या. लंडनमध्ये धर्मगुरूंसाठीचं घर चालवायच्या. २७ फेब्रुवारी १६०१ ला टायबर्नला फाशी दिली. फासाखाली उभ्या राहून म्हणाल्या की एका धर्मगुरूला आसरा दिला, हजारांना देता आला असता तर बरं झालं असतं. त्यांच्यावर सवडीनं वेगळा धागा काढते, इथे दोन ओळींत उरकायला नको.

काळाकोट
काढा. आणि काढलात की दुवा इथे द्या.